संगीत महोत्सवात गायचंय, स्टॉल लावायचाय की स्वयंसेवक व्हायचंय? अर्ज असा करा

मारवा रागाचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल चालला होता. गायिका षड्ज, म्हणजे सा, मुद्दाम टाळत कोमल रिषभ आणि धैवत यांच्यात घोटाळत होती, मांडवातली पोरंसोरंही गप्प बसली होती. तेवढ्यात मागच्या चहाच्या स्टॉलवरून खणखणीत आवाज आला, ‘चाळीस रुपये प्राप्त झाले.’ गायिकेनं डोळे उघडले, हसली आणि सरळ षड्जावर येऊन थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या कार्यवाहांनी कपाळाला हात लावला. पुढच्या वर्षीपासून आमच्या स्टॉलच्या अर्जात एक ओळ वाढली: ‘कार्यक्रम चालू असताना पेमेंटचा स्पीकर बंद ठेवीन.’

गेली नऊ वर्षं आमच्या तालुक्याच्या गावी होणाऱ्या तीन दिवसांच्या महोत्सवाचे अर्ज माझ्याकडे येतात. मी संगीतातला जाणकार वगैरे नव्हे. ऑफिस सुटलं, जेवण झालं की मोबाइलवर अर्ज वाचायचे, गाळायचे आणि रविवारी समितीपुढे ठेवायचे, एवढंच माझं काम. पण गाळणी हातात असल्यामुळे एक गोष्ट पक्की कळली आहे. गायक असो, भेळवाला असो की कॉलेजची मुलगी, अर्ज मागे पडतो तो बहुतेक वेळा या माणसासाठी आपल्याला चार फोन करावे लागणार असं वाचताना दिसतं म्हणून. ते चार फोन कसे वाचवायचे, तेवढंच खाली लिहितो.

दार कुठलं आहे ते आधी बघा

सगळे महोत्सव अर्ज मागवत नाहीत. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव घ्या. १९५२ साली सवाई गंधर्व गेले आणि पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. अशा मंचावर कलाकार निमंत्रणानं जातो. तिथे ‘मला संधी द्या’ असं पत्र धाडणं गुन्हा नाही, पण त्या पत्रावर वर्ष काढू नका. निमंत्रण देणारी माणसं वर्षभर कुठे ऐकायला जातात, तिकडे आपण असावं. कोल्हापूरचं गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचं, पुण्याचा भारत गायन समाज १९११ पासूनचा. अशा संस्थांच्या बैठकांना चाळीस-पन्नास माणसं असतात खरी, पण त्यातली पाच-सहा पुढच्या हिवाळ्याची यादी ठरवणारी असतात.

दुसरी तऱ्हा हजेरीची. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. तिथे कलाकार सेवा म्हणून गातात. अशा ठिकाणी मानधनाची भाषा अर्जात काढली की वाचणाऱ्याला कसंसंच होतं. आधी चौकशी करा, मग लिहा.

तिसरी तऱ्हा सरकारी आणि अकादमीच्या महोत्सवांची. गोव्यात कला अकादमी सूरश्री केसरबाई केरकरांच्या नावानं समारोह भरवते. महाराष्ट्रात सांस्कृतिक कार्य संचालनालयाचे कार्यक्रम असतात. उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही सदस्य आहेत. इथे कागद चोख लागतात आणि आकाशवाणीनं स्वरचाचणी घेऊन दिलेली श्रेणी असेल तर तिला वजन असतं. चौथं दार स्पर्धेचं. कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद आणि जालंधरचं १८७५ पासून चालत आलेलं हरिवल्लभ संमेलन, दोन्हीकडे तरुणांसाठी स्पर्धा असते.

आणि पाचवी तऱ्हा आमच्यासारख्यांची: गावातल्या डॉक्टर, शिक्षक, व्यापारी मंडळींनी वर्गणी काढून भरवलेले महोत्सव. महाराष्ट्रात असे पुष्कळ आहेत आणि अर्जाला खरा अर्थ इथेच आहे. पुढचं सगळं मुख्यतः त्यांना धरून.

कुठलंही दार असो, अर्ज करण्याआधी एक वर्ष तिकीट किंवा प्रवेशिका काढून तो महोत्सव नुसता ऐका. कलाकारानं सत्रं किती, नव्या माणसाला वेळ कधीची मिळते ते बघावं. विक्रेत्यानं लोक पिशव्या घेऊन येतात की हात हलवत, ते बघावं. ‘गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ ऐकली’ हे एक वाक्य अर्जात असलं की माझा अंगठा स्क्रीनवर थांबतो.

पंचांग

आमच्याकडचे बहुतेक महोत्सव कार्तिक ते माघ, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होतात. त्यांचे कलाकार पावसाळ्यात ठरतात. मोठी नावं तर त्याच्याही आधी, उन्हाळ्यातच, बांधून ठेवावी लागतात. उरलेल्या दोन-तीन जागा गुरुपौर्णिमा ते श्रावण या काळात भरतात. तेव्हा कलाकारानं अर्ज जून-जुलैत करावा. गणपतीच्या दहा दिवसांत पाठवू नका, समितीतला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या मंडळात अडकलेला असतो. दिवाळीनंतर आलेला अर्ज पुढच्या वर्षीचा समजायचा. तसं त्यात लिहिलंत तर उलट बरं वाटतं.

स्टॉलचं ठरतं महोत्सवाच्या दोन-अडीच महिने आधी, मांडवाचा नकाशा झाला की. स्वयंसेवकांचं सगळ्यात शेवटी, सहा-आठ आठवडे आधी.

कलाकाराचा अर्ज

एका पानात बसवा. मला एकदा तेवीस पानांची पीडीएफ आली होती, त्यात शाळेतल्या बक्षिसाचा फोटो होता. शेवटपर्यंत वाचली, पण फोन नंबर काही सापडला नाही.

पानावर काय हवं? नाव, गाव, मोबाइल नंबर सगळ्यात वर. काय गाता-वाजवता. कोणाकडे, किती वर्षं शिकताय. अलीकडच्या चार-पाच कार्यक्रमांची ठिकाणं आणि वर्षं. आकाशवाणीची श्रेणी असेल तर ती. ‘सुप्रसिद्ध’, ‘उदयोन्मुख तारका’ ही विशेषणं निवेदकासाठी सोडा.

मग पट्टी, म्हणजे पेटीची कुठली पट्टी तुम्ही षड्ज धरता ते. ही गोष्ट निम्मे लोक लिहीतच नाहीत आणि आमचे सगळ्यात जास्त फोन तिच्यापायी होतात. गायकाची पट्टी काळी एक असेल आणि गायिकेची काळी पाच, तर तबला एक चालत नाही. काळी एकला लहान तोंडाचा, वर बोलणारा तबला लागतो. काळी पाचला मोठ्या तोंडाचा. एका वर्षी आम्ही स्थानिक तबलजी ठरवले, त्यांच्याकडे त्या पट्टीचा तबलाच नव्हता, आणि दुपारी तीन वाजता एक मुलगा मोटरसायकलवर शेजारच्या गावी तबला आणायला गेला. तेव्हा लिहा: पट्टी अमुक, तबला-पेटीची साथ मी आणतो, किंवा तुम्ही ठरवा, तानपुरे माझे, की तुमचे, की इलेक्ट्रॉनिक चालेल.

वेळेचा विचार करून राग सुचवा. नव्या कलाकाराला बहुधा सत्राची सुरुवात मिळते आणि ती असते चार-साडेचारला. ‘मी दरबारी चांगला गातो’ याचा आम्हाला उपयोग नाही; दरबारीच्या वेळेला आमच्या मंचावर दुसरंच कोणी असणार. भीमपलास, मुलतानी, मधुवंती, जरा पुढे सरकलात तर पूरिया धनाश्री, असं काही तयार असेल तर लिहा. ‘तुम्ही द्याल त्या वेळेला’ हे नुसतं न म्हणता दोन वेळांचे दोन राग लिहिले की समितीतले जाणकार माना डोलावतात.

आता रेकॉर्डिंग. दहा-बारा मिनिटं पुरे. त्यात विलंबिताचा तुकडा हवा आणि द्रुत, म्हणजे जलद बंदिशही हवी, पण कापाकापी नको. एकाच बैठकीचे दोन सलग तुकडे द्या. आवाजावर घुमारा चढवलेला स्टुडिओतला ट्रॅक ऐकला की आमचे तबलावाले काका पहिला प्रश्न विचारतात, ‘घरात कसं गाते?’ त्यापेक्षा घरच्या बैठकीतलं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग चांगलं. पंखा बंद करा, फोन तबल्याच्या तोंडासमोर न ठेवता सहा-आठ फुटांवर, गायकाच्या बाजूला जरा उंचावर ठेवा, आणि आधी अर्धं मिनिट रेकॉर्ड करून तानपुरा ऐकू येतोय का ते तपासा. व्हिडिओची सुरुवात गाण्यापासून असू द्या. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि अध्यक्षांचं भाषण सरकवत सरकवत गाण्यापर्यंत पोचायचं म्हणजे रात्री साडेदहाला फार होतं.

आणि दुवा उघडला पाहिजे. दहातल्या तीन अर्जांच्या दुव्यावर ‘परवानगी मागा’ अशी पाटी येते. पाठवण्याआधी स्वतःचा दुवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून बघा.

मानधनाबद्दल संकोच नको. ‘आपल्या प्रथेप्रमाणे’ लिहिलं तरी चालतं, पण साथीदारांचं वेगळं आणि स्पष्ट लिहा. तबलजीला किती, पेटीवाल्याला किती, येण्याजाण्याचा खर्च कसा, मुक्कामाला किती माणसं. साथीदाराचं मानधन मुख्य कलाकारानं स्वतःच्या पाकिटातून नंतर द्यायचं, ही पद्धत मला आवडत नाही. त्यातून जुनी मैत्री तुटलेली पाहिली आहे.

नमुना द्यायचाच तर मला आवडलेल्या एका अर्जाचा सांगाडा असा होता:

‘मा. कार्यवाह, सप्रेम नमस्कार. मी शास्त्रीय गायन करते, चौदा वर्षं शिकते आहे. आपल्या महोत्सवात संध्याकाळच्या सत्राच्या सुरुवातीला ३० ते ४५ मिनिटं गाण्याची इच्छा आहे. पट्टी काळी पाच. तबल्याची साथ माझ्याबरोबर; पेटी आपण ठरवावी, न जमल्यास मी आणीन. सोबत १२ मिनिटांचं ध्वनिमुद्रण, राग पूरिया धनाश्री, यंदाच्या मे महिन्यातल्या घरगुती बैठकीतलं. साडेचारची वेळ असल्यास मुलतानी गाईन. आम्ही दोघं एसटीनं येऊ, एका रात्रीचा मुक्काम. माझं मानधन आपल्या प्रथेप्रमाणे, तबल्याचं किमान अमुक. या वर्षी जागा नसल्यास पुढच्या वर्षासाठी नोंद ठेवावी.’

अर्ज इतकाच होता. समितीत तीन मिनिटांत मंजूर झाला.

भजनी मंडळ, भारूड, शाहिरी, दशावतार, अशा संचांनी डोकी मोजून लिहावीत: माणसं किती, त्यात बायका किती, कपडे बदलायला खोली लागेल का, गाडी किती मोठी, मंचावर उभे किती नि बसणारे किती. भजनी मंडळ ‘साधारण पंधरा-वीस’ असं लिहितं आणि सत्तावीस माणसं जेवायला येतात. येऊ देत की, पण आधी कळलं तर भात कमी पडत नाही.

बँड असेल तर मंचावर कोण कुठे उभं राहणार याचा हातानं काढलेला नकाशा आणि कुठल्या वाद्याला किती माइक-केबल लागतात ती यादी जोडा. ड्रमसेट कोणाचा, तेही लिहा. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर त्यांची यादी आयोजकाला द्यावी लागते. गीत-संगीताच्या परवान्याचं आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेशी बोलणं तो करतो, पण काय वाजणार हे त्याला ठाऊक हवं.

पैशाच्या कागदांचं थोडक्यात. पॅन आणि रद्द केलेला चेक तयार ठेवा. मानधन ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की दहा टक्के टीडीएस कापला जातो, पॅन नसेल तर वीस. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. ही सवलत चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्राला लागू होत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

होकार आल्यावर

फोनवरचा होकार हा होकार नव्हे. दोन ओळींचं का होईना, लेखी घ्या: तारीख, सत्र, मंचावर बसण्याची वेळ, किती मिनिटं, मानधन किती आणि कधी, राहणं-जेवण, आणि कार्यक्रम इंटरनेटवर दाखवणार का. शेवटच्या मुद्द्यावर कलाकार गप्प बसतात. सादरीकरणावर कलाकाराचाही कायदेशीर हक्क असतो. कॉपीराइट कायद्यात तो आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनं व्यापारी वापरातला वाटाही त्यात धरला आहे. भांडायला जाऊ नका, पण ‘पूर्ण कार्यक्रम चॅनेलवर कायम राहणार की फक्त थेट दाखवणार?’ एवढं विचारा. आमच्यासारख्या समित्यांनाही त्यामुळे विचार करावा लागतो.

मिनिटांचा अर्थ समजून घ्या. ४५ मिनिटं म्हणजे तंबोरे लावणं, माइकची ‘हॅलो हॅलो’ आणि निवेदन धरून ४५. उघड्या मांडवात रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम तसे आहेत. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण त्यात तुमच्या गावच्या महोत्सवाची तारीख असेलच असं नाही. चार वाजताच्या कलाकारानं दहा मिनिटं जास्त घेतली, पुढच्यानं पंधरा घेतली, की पावणेदहाला भैरवी सुरू करणाऱ्या ज्येष्ठ कलाकाराच्या समोर पोलीस हवालदार घड्याळ बघत उभा राहतो. असं एकदा झालं आणि मी त्या कलाकाराला नजर देऊ शकलो नाही. वेळेत संपवणाऱ्या नव्या गायकाला आमच्या वहीत फुली नाही, चांदणी मिळते.

स्टॉल लावायचा असेल तर

पहिला प्रश्न स्वतःला: या गर्दीला माझी वस्तू हवी आहे का? बैठकीच्या गाण्याला आलेला माणूस साडेचार-पाच तास बसून असतो. त्याला चहा, कॉफी, गरम खाणं, पाणी, शाल, बसायची गादी, पुस्तकं, वाद्यं असलं काही लागतं. आमच्याकडे सगळ्यात झकास चाललेला स्टॉल तारांचा होता. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडच्या घडणीचे दोन तानपुरे मांडून एक कारागीर बसला होता. तानपुरे विकले गेले नाहीत. पण तारा, खुंट्यांची किरकोळ दुरुस्ती, जवारी काढून देणं (घोडी घासून तारेची गुंज नीट करणं), यावर त्याचे तीन दिवस निघाले आणि ऐन वेळी तार तुटलेल्या एका कलाकारानं त्याला अक्षरशः मिठी मारली. पुढच्या वर्षी आम्ही त्याला भाडंच लावलं नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. समजा तीन दिवसांचं भाडं ९,००० रुपये. चहा २० रुपयांना विकता, दूध-साखर-कप-गॅस धरून ७ जातात, उरतात १३. नुसतं भाडं निघायला जवळजवळ ७०० कप हवेत. खरी विक्री मध्यंतरात होते. मध्यंतर २० मिनिटांचं, दिवसाला दोन. एक माणूस कप भरून पैसे घेऊन दहा सेकंदांत एक गिऱ्हाईक सोडत असेल तर एका मध्यंतरात १२० कप, तीन दिवसांत ७२०. म्हणजे एकट्यानं उभं राहिलात तर भाडं निघेल आणि मजुरी बुडेल. दोघं ओतायला आणि तिसरा आधीच कुपनं विकायला असेल तरच हा धंदा. अर्जात ‘तीन माणसं, कुपन पद्धत’ असं लिहिणाऱ्याला आम्ही लगेच ओळखतो, कारण रांग तुंबली की मध्यंतर लांबतं आणि मग वरचं दहाचं गणित बिघडतं.

अर्जात हे लिहा: काय विकणार, किंमती काय, किती फूट जागा (बहुधा दहा बाय दहा मिळते), माणसं किती, आणि वीज किती. ‘लाइट पाहिजे’ हे पुरेसं नाही. साधा ५ अँपिअरचा पॉइंट २३० व्होल्टला जेमतेम ११५० वॅट देतो. त्यावर २००० वॅटची शेगडी लावली की काय होतं ते आम्ही पाहिलं आहे: एका वडेवाल्यानं अख्खी रांग अंधारात घातली. उपकरणांवरचे वॅट वाचून बेरीज करून आकडा लिहा.

खाण्याचा स्टॉल असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवीच. त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर ती होते, चौदा आकडी क्रमांक मिळतो. छोट्या विक्रेत्याची फी वर्षाला १०० रुपये आली आहे. उलाढालीची मर्यादा पोर्टलवर बघून घ्या. एजंटला दोन हजार मोजणारे लोक भेटतात तेव्हा वाईट वाटतं. घरचा लाल १४.२ किलोचा सिलिंडर स्टॉलवर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक लागतो, आणि शेजारी अग्निशामक. प्लॅस्टिकच्या ताटल्या, चमचे, स्ट्रॉ यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. दंड झाला तर तो तुमच्या खिशातून. वजनावर विकत असाल तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेला काटा आणा.

कोल्हापुरातून गोव्यात किंवा बेळगावात स्टॉल लावायला जाणार असाल तर जीएसटीचं बघून ठेवा. दुसऱ्या राज्यात तात्पुरता धंदा करणाऱ्याला वेगळी, थोड्या दिवसांची नोंदणी घ्यावी लागते आणि तिचा अर्ज किमान पाच दिवस आधी करायचा असतो. हस्तकलेच्या वस्तूंना मर्यादेत सवलत आहे. तुमच्या मालाचं काय ते सीएला एकदा विचारलेलं बरं.

शास्त्रीय मैफलीच्या आवारात आवाज हा वेगळाच विषय. मिक्सर, कुकरची शिटी, बर्फ फोडणं, भांडी आपटणं, आणि तो पेमेंटचा स्पीकर. अर्जातच लिहा की चटणी घरून वाटून आणीन, सादरीकरण चालू असताना तळण बंद ठेवीन. तळणाच्या धुरानं गायकांचे घसे बसतात, म्हणून आम्ही वडे-भजी वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला ठेवतो. ‘दर्शनी जागाच पाहिजे’ असा हट्ट धरू नका. सुट्टे पैसे भरपूर आणा, दोन हजार माणसं एका मैदानात जमली की नेटवर्क झोपतं आणि क्यूआर कोड नुसता शोभेला राहतो.

भाडं आणि अनामत संस्थेच्या खात्यात भरा, पावती घ्या. कोणाच्या वैयक्तिक नंबरवर ‘आजच भरा, दोनच जागा उरल्यात’ असा निरोप आला तर थांबा. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर तिचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागितला म्हणून खरा आयोजक रागावत नाही. कलाकारांनाही हेच: मंचावर बसण्यासाठी ‘नोंदणी शुल्क’ आणि वर एक पुरस्कार, असं पत्र आलं तर ते कागदी विमान करायच्या लायकीचं समजा.

स्वयंसेवक

इथे अर्ज सोपा आणि अपेक्षा अवघड. बहुतेक मुलं ‘फुकट गाणं ऐकायला मिळेल’ म्हणून येतात. मिळत नाही. गाणं तुम्हाला पार्किंगमधून, कनातीच्या मागून, अर्धं-मुर्धं ऐकू येतं. म्हणून अर्जात सरळ मागा: ‘तीन दिवस काम करीन, एक सत्र श्रोता म्हणून बसू द्या.’ आम्ही देतो. न मागणाऱ्याला द्यायचं राहून जातं.

कामं कोणती? दारावर प्रवेशिका तपासणं, बैठक लावणं, ज्येष्ठांना खुर्चीपर्यंत नेणं, गाड्या लावणं, पाणी, स्वच्छता, हरवलं-सापडलं, कलाकारांना स्टेशनवरून आणणं, कलाकार कक्ष आणि मंच. अर्जात तुमचा स्वभाव न लिहिता या गोष्टी लिहा: वय (अठराच्या खालच्यांना पालकांचं पत्र लागतं), कुठल्या तारखांना किती ते किती मोकळे, दुचाकी-चारचाकी चालवता का आणि लायसन्स आहे का, मराठीशिवाय हिंदी-कानडी-कोंकणी-इंग्रजीतलं काय बोलता, प्रथमोपचार येतो का, घरच्यांचा नंबर. ‘काहीही काम करीन’ असं लिहिणाऱ्याला पार्किंग मिळतं. ‘तानपुरा लावता येतो’ असं लिहिणारी मंचाजवळ जाते.

परीक्षा असेल तर त्या आठवड्याचं खोटं बोलू नका. दुसऱ्या दिवशी न येणाऱ्या स्वयंसेवकाची जागा तिसऱ्या कोणाला तरी दुप्पट काम करून भरावी लागते, आणि तो तिसरा बहुधा मी असतो. काय मिळेल ते आधी विचारा: जेवण, चहा, रात्री उशीर झाला तर घरी सोडायची सोय, प्रमाणपत्र. मुलींनी घरी सोडायचं आधी विचारावंच, आणि उत्तर टाळाटाळीचं आलं तर त्या महोत्सवात काम करू नये. पैसे भरून स्वयंसेवक व्हायचं, असं कुठे सांगितलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

अनुभव नसेल तर स्पिक मॅकेसारख्या ठिकाणी सुरुवात करता येते. १९७७ पासून ही चळवळ शाळा-कॉलेजांत कार्यक्रम करते आणि ते सगळं स्वयंसेवकांच्याच जिवावर चालतं. तिथे दोन-चार कार्यक्रमांत सतरंज्या घातलेला मुलगा आमच्याकडे आला की त्याला काही शिकवावं लागत नाही.

उत्तर आलं नाही तर

पंधरा दिवस थांबा, मग एक फोन करा, संध्याकाळी सहा ते आठमध्ये. ‘अर्ज मिळाला का?’ एवढंच विचारा. रोज सकाळी गुलाबाच्या फुलांसह सुप्रभात पाठवून आठवण करून देणारे आहेत. त्यांची आठवण राहते, पण नको तशी. नकार आला तर राखीव यादीत नाव ठेवायला सांगा आणि किती वेळेच्या सूचनेवर येऊ शकाल ते कळवा. दरवर्षी कोणाचा तरी घसा बसतो, कोणाची तरी गाडी घाटात अडकते. गेल्या नऊ वर्षांत आमच्या मंचावर तीन कलाकार असे राखीव यादीतून आले. त्यातल्या एकाला सकाळी अकराला फोन केला होता आणि तो संध्याकाळी पाचला गात होता.

मंचाजवळचं काम मिळालं असेल तर खिशात या वस्तू ठेवा: छोटी कात्री, चिकटपट्टी, पेन, टॉर्च, तबल्याची हातोडी, धुतलेला नॅपकिन, थर्मासमध्ये कोमट पाणी आणि तबलजींच्या हाताला लावायला पावडरचा डबा. पावडर बिनवासाची आणा. सुवासिक पावडरीनं शेजारचा गायक ऐन समेवर शिंकलेला मी पाहिला आहे.